धारकास

नोट मीच काढली होती.
बाहेतींच्या साडी सेंटरला दिवाळीचं पत्रक पाहिजे होतं.
"असं काढा, की माणूस वाकून उचलंल,"
शेठ म्हणाले,
आणि खरंय, सेलूच्या मोंढ्यात
छापलेला कागद कोणी वाकून उचलत नाही,
फार तर चपलेनं सरकवतो.

म्हणून तोच दगडी करडा रंग.
किल्ल्याच्या जागी दुकानाचं शटर,
चष्म्याच्या जागी पैठणीचा मोर,
धाग्याच्या जागी चंदेरी पट्टी, तिचे पैसे वेगळे लावले.
नंबर सगळ्या नोटांवर एकच, शेठचा मोबाईल.
आणि मधोमध, हे मला सुचलं, हसूही आलं,
"मी धारकास पाचशे रुपयांची सूट
अदा करण्याचे वचन देतो."
सहीच्या जागी आमचं नाव:
मुंजाजी ऑफसेट, स्टेशन रोड.
मागची बाजू कोरी.

हबीबचाचांनी पहिला ताव ट्यूबलाइटखाली धरला.
"बहोत साफ आया," म्हणाले,
आणि रोलर पुसता पुसता सांगत बसले
की हाली शिक्का बंद झाला तेव्हा
अब्बांच्या ट्रंकेत अर्धी ट्रंक हाली राहिला होता,
ते आणि त्यांची बहीण वर्षभर त्याच पैशांनी
दुकान-दुकान खेळले.
चिंचोके घ्यायचे, हाली द्यायचे.
अब्बा बघायचे नाहीत तिकडे.

पाच हजार नग गेले. दोन दिवसांत मोंढा,
एसटी स्टँड, नाल्या, शाळेची दप्तरं
सगळीकडे पाचशे, पाचशे.

चौथ्या दिवशी घुगे जमादार.
मोबाईलवर बोट सरकवत वाचलं त्यांनी,
न्याय संहिता, कलम एकशे ब्याऐंशी:
चलनी नोटेसारखं दिसेल असं काही
कशासाठीच छापायचं न्हाई.
"जाहिरातीसाठी बी?"
"कशासाठीच म्हणल्यावर जाहिरात काय वर राहती का?"
दंड तीनशेपर्यंत.
छापणाऱ्याचं नाव लपवलं, तर सहाशे.
मुंजाजीशेठला हसू आवरेना.
नाव? नाव तर आपण सहीच्या जागी टाकलंय.
आणि तीनशेत तर प्लेटसुद्धा निघत नाही.
चहा झाला. घुगेंनी दोन नोटा पुरावा म्हणून नेल्या,
एक पोराला दाखवायला.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी.
द्रुपदाबाई, हादगावची. डोक्यावर पाटी, पाटीत जांब.
काउंटरवर चौघडी घातलेला कागद ठेवला,
तळहातानं सपाट केला.
"अंधार पडला होता बाजारात. किलोभर नेले त्यानं.
चाळीस कापले म्या, चारशेसाठ माघारी दिले.
सकाळी पोरीनं वाचून दाखिवलं.
इथं तुमचं नाव हाय म्हनं."

मी पोलिसात जा म्हणालो.
"कामून? पोलिसाचं नाव कुठंय हिच्यावर?"
मी बाहेतींकडे जा, सूट मिळेल म्हणालो.
"दीड हजाराचं लुगडं घेतल्यावर ना?"
मग वचनाच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.
वाचता येत नव्हतं, पण ओळ बरोबर तीच.
"हे काय लिव्हलंय?"

मी वाचलं.
माझं वाक्य, मोठ्यानं, पहिल्यांदाच.
सुटीपाशी आवाज उतरला.

गल्ल्यातून पाचशेची काढली. ती माझ्या पगारातून जाणार होती.
तिनं उजेडात धरली, नखानं धागा खरवडला,
उलटी केली, सुलटी केली.
"हिच्यावर न्हाई तुमचं नाव."
"नाही."
"मग ही बुडाली तर कोणाकडं यायचं?"

चाचा मशीनपलीकडून बघत होते. बोलले नाहीत.
जाताना तिनं माझ्या कीबोर्डशेजारी
दोन जांब ठेवले, एक जरा पिचका,
आणि ते पत्रकही पदरात बांधून नेलं.
ते कशाला, मी विचारलं नाही.

दंड माघात भरला. तीनशे पूर्ण.
पावती मीच फाईलला लावली.
तिच्यावरचा शिक्का इतका पुसट
की खाली सही कोणाची आहे
ते अजून लागलेलं नाही.